लिफ्ट सहाव्यावर, बेडरूम पाचव्यावर: असं घर भाड्याने घ्यावं का?

पत्राचा सारांश: नवरा-बायको, पाच वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेली पत्रलेखिकेची आई, असं चौघांचं कुटुंब भाड्याने घर शोधतंय. एक घर मनात भरलंय, पण त्याची रचना काही केल्या उलगडत नाही. इमारतीतली लिफ्ट फक्त तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या मजल्यावर थांबते. घराचं दार सहाव्या मजल्यावर, एका लांबलचक, खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये उघडतं. आत गेल्यावर बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. तिथून घरातल्याच जिन्याने खाली पाचव्या मजल्यावर उतरलं की दोन बेडरूम, एक पूर्वेच्या टोकाला, एक पश्चिमेच्या, आणि मध्ये बाथरूम. समोरच्या दारातले शेजारी सांगतात की त्यांचा जिना वर जातो. एजंटने दिलेल्या कागदावर दोन आयत शेजारी-शेजारी काढलेत, एक आखूड, एक त्याच्या दुप्पट लांब, आणि ते दोन वेगळे फ्लॅट वाटतात. नवऱ्याचं म्हणणं, "ही इमारत बांधतानाच काहीतरी चुकलंय, नकोच." पत्रलेखिकेला मात्र तिथली आरपार हवा फार आवडली आहे. दुसरं एक सरळ, एकमजली घरही हाताशी आहे, क्षेत्रफळ तेवढंच. टोकन चार-पाच दिवसांत द्यायचंय. "आम्हाला कळत नाही म्हणून आम्ही फसतोय का? घ्यावं की सोडावं?"

उत्तर:

नकाशा समजला नाही यात तुमचा दोष नाही. एजंटने दिलेला कागद खोटा नसेल, पण तो अपुरा आहे. नेहमीचा नकाशा म्हणजे घराचा आडवा काप, वरून पाहिल्यासारखा. एका मजल्याचं घर त्यात पुरतं मावतं. तुमचं घर दोन मजल्यांवर आहे आणि त्याचं सगळं मर्म उभ्या कापात आहे. वास्तुविशारद त्याला सेक्शन म्हणतात. घरमालकाकडे किंवा सोसायटीच्या कार्यालयात इमारतीचा सेक्शन मागा. मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी तो तुम्ही स्वतः अर्ध्या तासात काढू शकता, आणि टोकन देण्याआधी तो काढाच, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

चौकटींचा कागद घ्या. एकाखाली एक चार आडव्या पट्ट्या आखा आणि त्यांना वरून खाली ७, ६, ५, ४ असे आकडे द्या. डावं टोक पूर्व, उजवं टोक पश्चिम. सहाव्या पट्टीच्या मधोमध पॅसेजचा चौकोन काढा. पॅसेजच्या पूर्वेचा तुकडा तुमचा: बैठक आणि स्वयंपाकघर. आता पाचवी पट्टी पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत अख्खी रंगवा, तीही तुमची. म्हणजे तुमचं घर पॅसेजच्या खालून सरकत इमारतीच्या दुसऱ्या बाजूला पोचतं. समोरच्यांचं याच्या उलट: सहाव्या पट्टीचा पश्चिमेचा तुकडा त्यांचा आणि सातवी पट्टी अख्खी त्यांची. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी ही दोन घरं एकमेकांत गुंतलेली आहेत. चौथी पट्टी तिसऱ्या मजल्यावरून वर चढणाऱ्या घराची असणार. एजंटच्या कागदावरचा लांब आयत म्हणजे तुमची पाचवी पट्टी, आखूड आयत म्हणजे सहाव्यावरचा तुकडा. ते शेजारी-शेजारी नाहीत, एकावर एक आहेत.

हा तर्क प्रत्यक्षात पडताळायला सोपी युक्ती आहे. दोन्ही बेडरूमच्या खिडक्यांना आणि बैठकीच्या खिडकीला एकेक रंगीत कापड बांधा, खाली उतरून इमारतीला फेरी मारा आणि कोणतं कापड कोणत्या रांगेत दिसतं ते मोजा. पूर्वेकडून दोन कापडं एकाखाली एक दिसली आणि पश्चिमेकडून एकच दिसलं, तर तुमचं चित्र बरोबर आहे.

आता "बांधतानाच चुकलंय" या म्हणण्याकडे येऊ. ही रचना जाणूनबुजून केलेली असते आणि तिच्यामागे हिशेब असतो. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना घरं, अशा साध्या इमारतीत प्रत्येक घराला एकाच बाजूची खिडकी मिळते. हवा एका बाजूने आत येते, पण तिला बाहेर जायला वाट नसते. शिवाय प्रत्येक मजल्यावर पॅसेज, प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं दार, प्रत्येक मजल्यावर तेवढी जागा खर्ची. पॅसेज तीन मजल्यांत एकदाच ठेवला, तर मधले दोन मजले पॅसेजपासून मोकळे होतात आणि तिथल्या घरांना इमारतीच्या दोन्ही बाजूंना खिडक्या मिळतात. तुम्हाला आवडलेली आरपार हवा या हिशेबातूनच आलेली आहे. फ्रान्समधल्या मार्से शहरात ल कॉर्बुझिए यांची १९५२ साली पूर्ण झालेली प्रसिद्ध निवासी इमारत याच तत्त्वावर उभी आहे: आतले रस्ते म्हणावेत असे रुंद पॅसेज आणि त्यांच्या वरून-खालून जाणारी लांब, अरुंद, दुमजली घरं.

पण याच बचतीची दुसरी बाजूही पाहायला हवी. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो ही ११ मजली इमारतींची मोठी वसाहत बांधली गेली. तिथेही लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नव्हती, पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबायची. तिथली घरं मात्र एकमजली होती. त्यामुळे उरलेल्या मजल्यांवरच्या लोकांना सामायिक जिन्याने चढ-उतार करावी लागे, आणि ते जिने व पॅसेज लोकांना भीतिदायक वाटू लागले. १९७२ पासून ती वसाहत पाडायला सुरुवात झाली. तिच्या अपयशाची कारणं बरीच होती, देखभालीला पैसा नसणं हे त्यातलं मोठं. तरी भाडेकरूने त्यातून एक प्रश्न नक्की उचलावा: लिफ्टचे थांबे वाचवल्यामुळे वाट्याला आलेला जिना कुठे आहे? तो तुमच्या घरात असेल तर निदान तुमच्या ताब्यात, उजेडात, कठड्यासकट असतो. तो सामायिक असेल तर रात्री अकरा वाजता त्या जिन्यात उभं राहून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. तुमच्या बाबतीत तो घरात आहे. म्हणजे लिफ्टची काटकसर इमारतीने केली आणि तिची किंमत तुमच्या घरातले गुडघे मोजणार आहेत.

इथे मला तुमच्या पत्रातली एक गोष्ट खटकली, ती मोकळेपणाने सांगते. नवऱ्याचं मत पत्रात आहे, तुमचं आहे, शेजाऱ्यांचंही आहे. आईंचं मत कुठेच नाही. त्यांनी घर पाहिलं आहे की नाही, हेही कळत नाही. आणि या घराचा निकाल सगळ्यात जास्त त्यांच्यावर अवलंबून आहे.

हिशेब करून पाहा. दोन मजल्यांत साधारण तीन मीटरचं अंतर धरलं तर सुमारे १७ पायऱ्या होतात. आईंची खोली खाली. चहा वर, जेवण वर, टीव्ही बहुधा वर, बाहेर जायचं तरी वर. दिवसाला सहा फेऱ्या म्हटल्या तरी १०२ पायऱ्या चढायच्या आणि १०२ उतरायच्या. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, कारण प्रत्येक पायरीला अंगाचं सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर तोलून खाली सोडावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न हा: सहाव्या मजल्यावर, म्हणजे दाराच्या पातळीवर, संडास आहे का? तुम्ही बाथरूम फक्त खाली असल्याचं लिहिलंय. वर छोटासा जरी संडास असेल, तर बैठकीचा एक कोपरा आडोसा घालून आईंची झोपायची जागा करता येईल आणि जिना त्यांच्यासाठी ऐच्छिक होईल. तसा नसेल, तर त्या वर झोपल्या तरी रात्री दोनदा उठून १७ पायऱ्या उतरणार, अर्धवट झोपेत. त्या परिस्थितीत हे घर तुमच्या कुटुंबासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. हवा कितीही छान असली तरी.

जिना मोजा. टेप नेली तर दहा मिनिटांचं काम आहे. पायरीची उंची १७-१८ सेंटिमीटर असेल तर ठीक, २०च्या पुढे गेली तर जिना चढाला त्रासदायक. पाऊल ठेवायची रुंदी निदान २५ सेंटिमीटर हवी. जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा असा: दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी, ही बेरीज ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास आली की चाल नैसर्गिक पडते. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का, हे खास बघा. वरची किंवा खालची शेवटची पायरी दोन सेंटिमीटरने जरी वेगळी असली तरी पाय तिथेच अडखळतो. नंतर टाइल बसवलेल्या घरांत हा दोष बऱ्याचदा निघतो. वळणावर त्रिकोणी पायऱ्या असतील तर त्यांच्या आतल्या टोकाला पाऊल मावतच नाही. आईंना बाहेरच्या बाजूने चालावं लागेल, म्हणून आधाराचा दांडा त्या बाजूला हवा. दांडा दोन्ही बाजूंना असलेला सर्वांत चांगला, उंची पायरीच्या कडेपासून सुमारे ९० सेंटिमीटर, आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत गेलेला. दुसऱ्या बाजूचा दांडा बसवून द्यायची अट घरमालकाला घालता येते. खर्च फार नाही आणि मागणी वाजवी आहे.

मुलासाठी कठड्याच्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. आडवे गज असतील तर ती मुलाच्या हातात दिलेली शिडीच. पाच वर्षांचा मुलगा सावकाश चढ-उतार शिकतो, पण धावणं थांबवता येत नाही, म्हणून निदान सुरुवातीला जिन्याच्या तोंडाशी फाटक लावा. फाटक जिन्याच्या वरच्या टोकाला असेल तर ते भिंतीत स्क्रूने बसवलेलंच घ्या. दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचं फाटक वरच्या टोकाला वापरू नये. मुलाने अंग टाकलं की ते निसटतं, आणि त्याची खालची पट्टी अंधारात मोठ्यांच्याच पायात येते.

आता आगीचं. याबद्दल घर दाखवणारा माणूस स्वतःहून काही सांगणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुमच्या घरात झोपायच्या खोल्या खाली आणि बाहेर पडायचं दार वर, स्वयंपाकघराच्या शेजारी. धूर वर चढतो. म्हणजे स्वयंपाकघरात पेट घेतला तर खालच्या खोल्यांत धूर उशिरा पोचेल, पण तोपर्यंत बाहेर पडायची वाट धुराने भरलेली असेल. तुम्ही जिना चढाल ते थेट धुरात. समोरच्या, वर जाणाऱ्या घरात उलटं होतं: दार खाली सापडतं, पण धूर जिन्यातून आधी झोपलेल्या माणसांकडे जातो. दोन्ही प्रकारांत धोका आहे, फक्त त्याची जागा वेगळी.

त्यामुळे घर पाहताना विचारा: पाचव्या मजल्यावरून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? अशा काही इमारतींत खालच्या पातळीवर सुटकेचं वेगळं दार असतं. ते एरवी बंद असतं, आतून किल्लीशिवाय उघडतं आणि सुटकेच्या जिन्यावर किंवा शेजारच्या बाल्कनीत निघतं. ते असेल तर स्वतः उघडून बघा. आधीच्या भाडेकरूने त्याच्यापुढे कपाट उभं केलेलं असू शकतं, किंवा पलीकडच्या बाजूने कुलूप लागलेलं असू शकतं. खिडक्यांना जाळ्या असतील तर निदान एक जाळी आतून उघडणारी हवी. वरच्या पॅसेजला दोन्ही टोकांना जिने आहेत का आणि त्यांची दारं उघडतात का, तेही चालत जाऊन पाहा. खाली दुसरी वाट नसेल आणि स्वयंपाकघर जिन्याच्या तोंडाशी उघडं असेल, तर मी हे घर नाकारेन. स्वयंपाकघराला बंद होणारं भक्कम दार असेल तर विचार करता येईल.

धुराचे अलार्म प्रत्येक मजल्याला एक, शिवाय जिन्याच्या वरच्या छताला एक, आणि ते एकमेकांना जोडलेले: एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. वर वाजलेला सुटा अलार्म खाली, दार लावलेल्या खोलीत, पंख्याच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही. चुलीजवळ धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म बसवा, नाहीतर फोडणीला रोज वाजेल आणि कोणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवेल.

आवाजाकडे वळू. "वरच्या मजल्यावर कोण राहतं?" हा नेहमीचा प्रश्न तुमच्या घरात पुरत नाही. तुम्ही काढलेलं चित्र पुन्हा समोर घ्या. तुमच्या बैठकीच्या डोक्यावर सातवा मजला आहे, म्हणजे समोरच्यांची बेडरूम. तुमच्या पश्चिमेच्या बेडरूमच्या डोक्यावर सहाव्याचा पश्चिम तुकडा, म्हणजे पुन्हा समोरच्यांचीच बैठक आणि स्वयंपाकघर. आणि पाचव्याच्या मधल्या भागावर सार्वजनिक पॅसेज. याचा अर्थ असा की तुमच्यासाठी इमारतीतले सगळ्यात महत्त्वाचे लोक दाराला दार लागून असलेले समोरचे आहेत. त्यांच्या घरी पाहुणे आले की तुमच्या पश्चिमेच्या खोलीत कळणार, तुमच्याकडे रात्री उशिरा टीव्ही चालला की त्यांना झोपताना ऐकू जाणार. त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोला: किती जण आहेत, झोपायच्या वेळा काय, स्वयंपाकघर कधी चालू असतं. पूर्वेच्या बेडरूमवर मात्र तुमचीच बैठक आहे, तिथला आवाज तुमच्या हातात. मुलाला आणि हलक्या झोपेच्या माणसाला ती खोली द्या.

पॅसेजमधल्या पावलांचा आवाज वेगळ्या जातीचा. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, जाड पडदे, भरलेली कपाटं यांनी थोडा दबतो. पावलांचा, खुर्ची सरकवण्याचा ठोका स्लॅबमधून येतो. तो खालच्या घरात काहीही लावून फारसा थांबत नाही, वरच्या जमिनीवरच मऊ थर असावा लागतो. पॅसेजला गुळगुळीत फरशी असेल आणि तीन मजल्यांची वर्दळ त्याच एका पॅसेजमधून होत असेल, तर त्याच्याखाली पलंगाचं डोकं ठेवू नका. चांगल्या रचनेत त्या पट्ट्यात बाथरूम, जिना, कपाटं घेतलेली असतात. तुमच्याकडे बाथरूम तिथेच आहे, ही जमेची बाजू. घर एकदा सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला आणि एकदा रात्री नऊनंतर पाहा. सकाळच्या भेटीत लिफ्टसाठी किती थांबावं लागतं तेही घड्याळ लावून मोजा. थांबे कमी म्हणून लिफ्ट वेगाने जाते, पण प्रत्येक थांब्यावर तीन मजल्यांची माणसं एकत्र उभी असतात.

पाण्याच्या बाबतीतही चित्र बोलतं. समोरच्यांचं स्वयंपाकघर तुमच्या पश्चिमेच्या बेडरूमवर आहे, मग त्यांचं सांडपाणी कुठून खाली जातं? बहुधा त्याच बेडरूमच्या कोपऱ्यातून, प्लायवूडची किंवा विटांची पेटी करून झाकलेल्या पाइपमधून. तुमच्या स्वयंपाकघराचं पाणीही तसंच तुमच्या पूर्वेच्या बेडरूममधून उतरत असेल. ही पेटी शोधा, हाताने दाबा, ओल किंवा फुगवटा बघा. समोरच्यांना सिंकचा नळ सोडायला सांगा आणि पेटीला कान लावा. पाइप सरळ खाली न जाता फॉल्स सीलिंगमधून आडवा फिरवलेला असेल तर तुंबण्याची शक्यता वाढते. आडव्या सांडपाइपला ४० ते ८० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असा काहीसा उतार लागतो, आणि छतात तेवढी उंची नसली की तो कमी दिला जातो. सीलिंगवर पिवळट कडेचा गोल डाग म्हणजे गळती होऊन वाळलेली जागा. पाइप साफ करायचं तोंड कुठे आहे, ते विचारा. ते तुमच्या बेडरूमच्या छतात असेल तर समोरच्यांचा सिंक तुंबला की प्लंबर तुमच्या घरी येणार. पाणी बंद करायचे मुख्य नळ दोन मजल्यांना वेगवेगळे असू शकतात, दोन्ही फिरवून बघा.

क्षेत्रफळाबद्दल तुम्ही म्हणता, "दोन्ही घरं तेवढीच." कागदावर तेवढीच. पण १७ पायऱ्यांच्या जिन्याला सोळा पायठे, म्हणजे पाऊल ठेवायच्या जागा (शेवटच्या पायरीनंतर वरची जमीनच येते), प्रत्येकी २५ सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद जिना ३.६ चौरस मीटर जागा खातो, जवळपास ३९ चौरस फूट. ती जागा खालीही जाते आणि वरही, कारण वर तिथे जमिनीऐवजी पोकळी असते. दोन्ही मिळून ७५ चौरस फुटांहून जास्त. जिन्याखाली कपाट असेल तर त्यातलं थोडं परत मिळतं. दिलेल्या आकड्यात जिना एकदा धरलाय की दोनदा, हे विचारून घ्या, आणि तुलना करायची तर जिना वगळून करा.

उजेडाचाही ठोकताळा आहे: खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत दिवसाचा कामापुरता उजेड पोचतो. कड २.१ मीटरवर असेल तर साडेचार-पाच मीटर. तुमची पाचवी पट्टी लांब असल्याने मधल्या बाथरूमपाशी भर दुपारीही दिवा लागेल. बाथरूमला खिडकी नसणारच, मग पंखा खरंच हवा ओढतो का हे तपासा: जाळीला कागदी रुमाल लावा, दार बंद ठेवून तो चिकटून राहिला पाहिजे. दाराखाली एक-दोन सेंटिमीटरची फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो. आरपार हवेसाठीही पूर्व-पश्चिम दोन्ही बेडरूमची दारं उघडी ठेवावी लागतील. रात्री दारं लावून झोपलात की ती हवा थांबते. तुम्हाला ती भेटीच्या वेळी जाणवली तेव्हा सगळी दारं उघडी होती का, आठवून पाहा.

सामान हलवण्याचं लोक शेवटी बघतात आणि तिथेच अडतात. तुमच्या घरात फ्रिज वर राहतो, म्हणून तो सुटला. पलंग आणि कपाटं मात्र जिन्याने खाली न्यायची आहेत. जिन्याची सर्वांत अरुंद रुंदी, वळणावरची मोकळी जागा आणि डोक्यावरची उंची मोजा. कपाट सुटं होतं, मोठी स्प्रिंगची गादी दुमडत नाही. गादीच्या मापाचा पुठ्ठा कापून जिन्यातून फिरवून बघितलात तर दोन मिनिटांत कळेल. वायफायचा राउटर जिन्याच्या तोंडाशी ठेवा, पोकळीतून सिग्नल खाली उतरतो. स्लॅबमधून तो फार कमी जातो.

ज्यांच्या इमारतीची रचना वेगळ्या तऱ्हेने विचित्र आहे, त्यांनीही हाच उभा काप काढावा. अर्ध्या-अर्ध्या मजल्यांची घरं असतील तर जिने छोटे पण दिवसभर सतत, हे लक्षात घ्यावं. पॅसेज मध्येच भिंतीने संपतो, एक दार कायमचं बंद केलेलं आहे, किंवा बाथरूमची भिंत ठोकल्यावर पोकळ वाजते, अशी लक्षणं दिसली तर मोठं घर नंतर कापून दोन केलेलं असण्याची शक्यता आहे. तिथे मंजूर नकाशा मागाच, आणि विजेचा मीटर तपासा: घरातला मुख्य स्विच बंद करून मीटर थांबतो का पाहा, आणि शेजारच्यांचे दिवे गेले का तेही विचारा.

तर आता तुमचं. टोकन देण्याआधी आईंना घेऊन जा. त्यांना जिना दोनदा चढू-उतरू द्या, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, कारण रोज त्या रिकाम्या हाताने चालणार नाहीत. नंतर त्यांना एकटीला विचारा. मुलीला घर आवडलंय म्हटल्यावर त्या तुमच्यासमोर "जमेल मला" म्हणतील. वर संडास असेल, खालून सुटकेची दुसरी वाट असेल आणि आईंचं मन असेल, तर हे घर सरळ घरापेक्षा चांगलं ठरू शकतं आणि नवऱ्याला तुम्ही काढलेलं चित्र दाखवून पटवता येईल. वर संडास नसेल, किंवा खालून दुसरी वाट नसून स्वयंपाकघराला बंद होणारं भक्कम दारही नसेल, तर सरळ घर घ्या. आईंचं मन नसेल तरीही सरळ घर घ्या.

घेतलंत, तर करारात घर नुसतं क्रमांकाने लिहू नका. प्रवेश सहाव्या मजल्यावर, बेडरूम आणि बाथरूम पाचव्यावर, असं स्पष्ट लिहून घ्या आणि तुमचं चित्र सोबत जोडा. बेडरूममधून जाणाऱ्या समोरच्यांच्या पाइपची दुरुस्ती आणि गळतीने झालेलं नुकसान कोणाकडे, जिन्याचा दुसरा दांडा आणि अलार्म कोण बसवणार, लिफ्ट बरेच दिवस बंद राहिली तर मुदतीआधी घर सोडता येईल का, या तीन ओळीही त्यात हव्यात. आणि राहायला गेल्या दिवशीच फोनजवळ एक चिठ्ठी लावा, रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाला वाचून दाखवायला: "लिफ्टने सहाव्या मजल्यावर या. दार पॅसेजच्या पूर्व बाजूला. झोपायच्या खोल्या आतल्या जिन्याने खाली, पाचव्यावर." पाचव्या मजल्याच्या खिडकीत माणूस दिसतो आणि त्या मजल्यावर दारच नाही, हे बाहेरच्याला आपोआप कळत नाही.